सॉफ्टवेअर इंटर्नशिपची मुलाखत: रेझ्युमेपासून एनओसीपर्यंत, क्रमाने

मोठ्या कंपनीच्या इंटर्नशिपच्या मुलाखतीतून बाहेर पडलेल्या मुलांना विचारलं तर निम्मे सांगतात, "प्रश्न येत होता, पण झालं नाही." हे बहुतेक वेळा खरंही असतं. चूक क्रमात झालेली असते. प्रश्न पुरता कळायच्या आत कोड सुरू होतो, कोड झाल्यावर तपासायला वेळ उरत नाही, आणि रेझ्युमेवर स्वतःच लिहिलेल्या ओळीवर बोलती बंद होते. पुढचे टप्पे टी.ई.च्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या, विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिले आहेत. बी.ई.च्या शेवटच्या सेमच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपलाही तेच लागू पडतात, फक्त तिथे प्रोजेक्टवर जास्त वेळ जातो.

## टप्पा १: नोटिशीची वाट न पाहता सुरुवात

उन्हाळी इंटर्नशिप साधारण मे ते जुलै, ८ ते १२ आठवड्यांची असते. पण तिची भरती बऱ्याच मोठ्या कंपन्या आदल्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरातच उरकतात, म्हणजे टी.ई. नुकतं सुरू झालेलं असतं तेव्हा. प्लेसमेंट सेलची नोटीस आणि ऑनलाइन टेस्ट यांच्यात कधी चारच दिवस मिळतात. त्यात आख्खं ग्राफ प्रकरण होत नाही. एस.ई.ची शेवटची परीक्षा संपली की लगेच मोजायला लागा आणि १२ आठवडे धरा.

पहिले ४ आठवडे: ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, सॉर्टिंग, बायनरी सर्च, टू पॉइंटर. पुढचे ४: लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, रिकर्शन, ट्री. नंतरचे २: ग्राफवर बीएफएस-डीएफएस (ग्राफ फिरण्याच्या दोन पद्धती) आणि सोपं डीपी, म्हणजे डायनॅमिक प्रोग्रामिंग. शेवटचे २ आठवडे नवीन काही नाही, फक्त मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती. सगळे मिळून १२० ते १५० प्रश्न नीट झाले तर पुरेत. पाचशेचा आकडा मिरवणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातला दोनशेवा प्रश्न पुन्हा समोर ठेवला की अडतात.

एका प्रश्नाला ४० मिनिटं द्या. नाही सुटला तर उत्तर वाचा, खिडकी बंद करा आणि स्वतः लिहा. तोच प्रश्न ३ दिवसांनी आणि पुन्हा १० दिवसांनी कोऱ्या फाइलमध्ये लिहा. उत्तराचा व्हिडिओ पाहून मान डोलावली म्हणजे प्रश्न झाला, हा भ्रम सगळ्यात महागात पडतो.

भाषा एकच ठेवा: सी प्लस प्लस, जावा किंवा पायथन, जी हाताला बसलेली असेल ती. टेस्टच्या दोन आठवडे आधी "पायथनमध्ये कोड छोटा होतो" म्हणून उडी मारणारे हमखास सिंटॅक्समध्ये अडकतात.

तपासा: ऑटोकम्प्लीट बंद करून, काहीही न बघता, बायनरी सर्च ७ मिनिटांत लिहिता येतो का? ॲरे रिकामा असताना आणि आकडा नसतानाही बरोबर चालतो का? नसेल तर डीपीला हात घालू नका.

## टप्पा २: रेझ्युमे म्हणजे तुम्हीच काढलेली प्रश्नपत्रिका

एक पान, पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं पूर्ण नाव. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, छंद यांची गरज नाही. क्रम असा: शिक्षण आणि सीजीपीए, कौशल्यं, दोन प्रोजेक्ट, मग स्पर्धा किंवा क्लबमधलं काम. सीजीपीएचा कटऑफ आणि "लाइव्ह केटी नको" (म्हणजे राहिलेला विषय नको) ही अट कंपनी नोटिशीत देते. केटी लपवू नका. ऑफरनंतर मार्कशीट मागतातच आणि तेव्हा लपवणं अंगलट येतं.

प्रोजेक्टची ओळ कशी असावी ते पाहा. "रिॲक्ट आणि नोड वापरून हॉस्टेल मेस ॲप बनवलं" ही ओळ काहीच सांगत नाही. "मेसची हजेरी नोंदवणारं ॲप, रोज साधारण १८० जण वापरतात, महिन्याचा रिपोर्ट ४ सेकंदांऐवजी अर्ध्या सेकंदात यावा म्हणून तारखेच्या कॉलमवर इंडेक्स टाकला" या ओळीतून मुलाखत घेणाऱ्याला तीन प्रश्न मिळतात, आणि तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे आहेत. अर्थात, आकडे मोजलेले हवेत. वापरणारे कुणीच नसतील तर ते लिहू नका, फक्त इंडेक्सचं लिहा.

कौशल्यांच्या यादीत "सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, गो, रस्ट" अशी माळ ओवू नका. गोमध्ये एक छोटा प्रोग्राम केला असेल तर गो येत नाही.

सावध: प्रोजेक्ट चौघांचा असेल तर तुमचा भाग कोणता ते ओळीतच लिहा. आणि प्रोजेक्टची लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. खाजगी रेपॉझिटरीची लिंक देणारे दरवर्षी निघतात.

## टप्पा ३: ऑनलाइन टेस्ट

टेस्ट साधारण ६० ते ९० मिनिटांची, २ किंवा ३ कोडिंगचे प्रश्न, काही ठिकाणी सोबत एमसीक्यू. हॅकररँक, हॅकरअर्थ, कोडिलिटी यांसारख्या प्लॅटफॉर्मवर होते. आदल्या दिवशी त्याच प्लॅटफॉर्मची सराव टेस्ट द्या. इनपुट स्वतः वाचायचं आहे की फंक्शन आयतं मिळतं, हे तिथे गेल्यावर कळलं तर पहिली दहा मिनिटं वाया गेलीच.

पहिली ५ मिनिटं सगळे प्रश्न वाचा. पहिला प्रश्न सोपाच असतो असं नाही.

मग प्रश्नाच्या तळाशी दिलेल्या मर्यादा बघा. बहुतेक मुलं हा भाग ओलांडून जातात आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. एका सेकंदात साधारण १० कोटी साधी कामं होतात असं धरा. एन, म्हणजे इनपुटमधल्या आकड्यांची संख्या, १ लाख असेल आणि तुम्ही लूपमध्ये लूप टाकला तर १,००० कोटी कामं होतात, म्हणजे टाइम लिमिट ओलांडणार हे कोड लिहायच्या आधीच ठरलं. तिथे सॉर्टिंग, हॅशमॅप, बायनरी सर्च असलं काही हवं. सॉर्टिंगला १ लाख गुणिले १७, म्हणजे जेमतेम १७ लाख कामं लागतात. एन २,००० असेल तर लूपमध्ये लूप खुशाल चालेल. एन २० च्या आत दिसला तर सगळे उपसंच तपासले तरी ते साडेदहा लाखांच्या आसपासच भरतात. प्रश्न काढणाऱ्याने पद्धत जवळजवळ सांगूनच टाकलेली असते.

तीन चुका उत्तर बरोबर असून मार्क घालवतात:

- ओव्हरफ्लो. ३२ बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावतं. १ लाख आकडे, प्रत्येक १०० कोटींपर्यंत, अशी बेरीज असेल तर सी प्लस प्लसमध्ये लाँग लाँग आणि जावात लाँग घ्या. लपलेल्या टेस्टकेस (कोड तपासायला ठेवलेली इनपुट) नेमक्या इथे फेल होतात, आणि नमुना टेस्टकेस मात्र हिरव्या दिसतात.
- संथ इनपुट. जावात मोठ्या इनपुटला स्कॅनर रेंगाळतो, बफर्ड रीडर वापरा. पायथनमध्ये इनपुट फंक्शन लूपमध्ये बोलावण्यापेक्षा स्टँडर्ड इनपुटमधून एकदम वाचा.
- खोल रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं. पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १,००० असते. एका रेषेत लोंबणाऱ्या १ लाख नोडच्या ट्रीवर रिकर्सिव्ह डीएफएस कोसळतो.

पूर्ण उत्तर सुचत नसेल आणि टेस्टकेसनुसार मार्क असतील, तर संथ पण बरोबर उत्तर आधी सबमिट करा, मग सुधारा. पहिल्या प्रश्नावर ५० मिनिटं घालवून दुसरा कोरा सोडणं हा सर्वात वाईट सौदा.

सावध: टॅब बदलणं, दुसरा स्क्रीन, कॅमेऱ्यासमोरून उठणं, सगळ्याची नोंद होते. मित्राचा किंवा एआयचा कोड चिकटवला तर तसाच कोड इतर दहा जणांनी चिकटवलेला असतो, आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तो बरोबर वेगळा काढतं. यातून सुटलात तरी पुढच्या राउंडला "टेस्टमधला तुमचा कोड समजावून सांगा" हा प्रश्न येऊ शकतो.

## टप्पा ४: आदला दिवस

मुलाखतीची वेळ कोणत्या टाइम झोनमध्ये दिली आहे ते पाहा. यूटीसी सकाळी १० म्हणजे आपल्याकडे दुपारचे ३:३०. हॉस्टेलचं वायफाय व्हिडिओ कॉलला दगा देतं, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघा आणि दोन जीबी डेटा शिल्लक ठेवा. लॅपटॉप चार्ज, फोन चार्ज. वीज कधीही जाते, हे गृहीत धरूनच बसायचं. एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. कॉल तुटला तर मेल शोधण्यात वेळ जायला नको.

कोरे कागद आणि पेन हाताशी असू द्या. कागदावर आकृती काढताना ते तोंडाने सांगा, नाहीतर खाली बघून तुम्ही काय करताय असा संशय येतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट. मुलाखत इंग्रजीत होईल, पण तिथे वक्तृत्व कोणी तपासत नाही. छोटी वाक्यं चालतात. रोज एका प्रश्नाचं उत्तर मोठ्याने बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. दोन आठवड्यांत फरक पडतो. अडलं तर "लेट मी थिंक फॉर अ मिनिट" म्हणा आणि खरंच मिनिटभर विचार करा. न सांगता तीन मिनिटं गप्प बसणं मात्र नडतं.

## टप्पा ५: कोडिंगचा राउंड

४५ मिनिटांची वाटणी साधारण अशी: ओळख ३, प्रश्न समजून घेणं ५, पद्धत सांगणं ८, कोड १८, तपासणी ६, शेवटी तुमचे प्रश्न ५. बहुतेक जण मधली अठरा मिनिटं ओढून पस्तीस करतात आणि आजूबाजूचं सगळं गिळतात.

एक प्रश्न जवळून पाहू: आकड्यांचा ॲरे आणि के दिला आहे. ज्यांची बेरीज के होते असे सलग तुकडे किती? ॲरे: ३, ४, उणे ७, १, ३, ३. के: ७.

५.१ आधी विचारा. आकडे ऋण असू शकतात का? ॲरे रिकामा असू शकतो का? तुकडे मोजायचे की छापायचे? एन किती मोठा? उदाहरणात ऋण आकडा दिसतोय, तरी विचारा. या एका प्रश्नावर पद्धत ठरते.

५.२ साधी पद्धत तोंडाने सांगा, लिहू नका. प्रत्येक सुरुवातीपासून पुढे बेरीज करत जायचं, ओ ऑफ एन स्क्वेअर, म्हणजे एनच्या वर्गाच्या पटीत वेळ. मग ती कुठे वेळ खाते ते सांगा: त्याच बेरजा पुन्हा पुन्हा होतात.

५.३ सुधारलेली पद्धत सांगा आणि होकार घ्या. इथे पुष्कळ जण स्लायडिंग विंडोवर (बेरीज के पेक्षा जास्त झाली की मागून आकसणारी सरकती खिडकी) उडी मारतात, कारण तसा प्रश्न त्यांनी सोडवलेला असतो. पण स्लायडिंग विंडो आकडे धन असल्यावरच चालते. वरच्या ॲरेवर ती २ उत्तर देते: पहिला ३, ४ चा तुकडा आणि पूर्ण ॲरे. शेवटचा १, ३, ३ तिला दिसतच नाही, कारण तिथपर्यंत खिडकी आकसायचं कारणच घडलेलं नसतं. बरोबर उत्तर ३.

योग्य पद्धत: सुरुवातीपासूनची चालू बेरीज ठेवा आणि प्रत्येक बेरीज आधी किती वेळा आली ते हॅशमॅपमध्ये ठेवा. चालू बेरीज एस असेल तर "एस वजा के" आधी जितक्या वेळा आली, तितके तुकडे इथे संपतात. वेळ सरासरी ओ ऑफ एन, जागा ओ ऑफ एन. हे सांगून थांबा आणि "कोड करू का?" विचारा. समोरच्याला वेगळं काही हवं असेल तर ते इथेच कळतं, अर्धा कोड लिहिल्यावर नव्हे.

५.४ कोड लिहिताना बोला, पण प्रत्येक अक्षर वाचू नका. व्हेरिएबलला ए, बी, टेम्प अशी नावं देऊ नका. दोन गोष्टी इथे चुकतात. एक, हॅशमॅपमध्ये सुरुवातीला "बेरीज शून्य, एकदा" ही नोंद टाकायची राहते. दुसरी, चालू बेरीज आधी नोंदवून मग शोधणं. के शून्य असेल तर रिकामा तुकडाही मोजला जातो. आधी शोधा, मग नोंदवा.

५.५ ड्राय रन, म्हणजे आकडे घालून कोड हाताने चालवून पाहणं, कुणी सांगायची वाट न पाहता करा. चालू बेरजा: ३, ७, ०, १, ४, ७. पहिल्या ७ ला शून्य आधी एकदा (ती सुरुवातीची नोंद), म्हणून १. शेवटच्या ७ ला शून्य दोनदा, म्हणून २. एकूण ३. सुरुवातीची नोंद विसरला असता तर उत्तर १ आलं असतं. ही चूक ड्राय रनमध्ये तुम्हाला स्वतःला सापडली तर मुलाखत घेणाऱ्याच्या टिपणात ती तुमच्या बाजूने जाते. त्याने दाखवून दिली तर उलट.

मग टोकाच्या केस: रिकामा ॲरे, एकच आकडा, सगळे शून्य आणि के शून्य. बेरीज इंटमध्ये मावते का, तेही बोला.

सावध: इशारा दिला की थांबा आणि ऐका. "ऋण आकडे आले तर?" असं विचारलं की तो सहज विचारलेला प्रश्न नसतो. आपलीच पद्धत रेटत राहणं हे प्रश्न न सुटण्याहून वाईट दिसतं. आणि प्रश्न आधी सोडवलेला असेल तर सांगून टाका. नाटक लगेच कळतं.

## टप्पा ६: प्रोजेक्ट आणि बेसिक्स

प्रोजेक्टवर खोदकाम होतं. "मोंगोडीबी का?" याला "ट्यूटोरियलमध्ये होतं" हे खरं उत्तर असेल, पण त्यापुढे "आता केलं असतं तर पोस्टग्रेस घेतला असता, कारण हजेरी आणि विद्यार्थी यांचं नातं टेबलांत नीट बसतं" असं म्हणता आलं पाहिजे. पासवर्ड कसा साठवला? हॅश करून, सॉल्टसह, की जसाच्या तसा?

कार्यक्रमाचं बुकिंग असलेल्या प्रोजेक्टवर हमखास येणारा प्रश्न: शेवटची एक जागा आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर? बहुतेक कोड आधी जागा शिल्लक आहे का ते वाचतो आणि मग कमी करतो. दोघांनाही "१ शिल्लक" दिसतं, दोघांनाही तिकीट मिळतं. उपाय: "जागा शून्यापेक्षा जास्त असेल तरच एकने कमी कर" अशी अट अपडेटच्या एकाच क्वेरीत टाकायची आणि किती ओळी बदलल्या ते पाहायचं. शून्य आल्या तर जागा संपली. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक असेल तर मुलाखतीआधी दुरुस्त करा, सांगायला आयती गोष्ट मिळते.

बेसिक्समध्ये ओएसमधून (ऑपरेटिंग सिस्टिम) प्रोसेस आणि थ्रेड, डेडलॉकच्या चार अटी. नेटवर्कमधून ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंतचा प्रवास. डीबीएमएसमधून (डेटाबेस) इंडेक्स, जॉइन, ट्रान्झॅक्शन. एसक्यूएल हातानं लिहून पाहा. दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढताना उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलली, तर ९०, ९०, ७० हजारांत उत्तर ९० येतं. डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणं) हवंच.

माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर चालणारी फेकाफेक इथे दोन उपप्रश्नांत उघडी पडते.

## टप्पा ७: एचआर आणि वागणुकीचे प्रश्न

पाच प्रसंग आधी कागदावर लिहा: टीममधला वाद, चुकलेली डेडलाइन, स्वतःची चूक, कुणालाही न विचारता शिकलेली गोष्ट, कुणाला केलेली मदत. प्रत्येक दोन मिनिटांत: परिस्थिती, तुमच्यावरचं काम, तुम्ही केलं ते, निकाल. निम्म्याहून अधिक वेळ तिसऱ्या भागाला. ॲमेझॉनसारखी कंपनी आपली १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स उघडपणे छापते आणि प्रश्न त्यांवरूनच काढते, ती एकदा वाचून आपले प्रसंग त्यांना जुळवून पाहा.

आपल्याकडे "मी केलं" म्हणायला भीड वाटते. सगळं "आम्ही केलं"मध्ये जातं. समोरच्याला तुमचा वाटा कळत नाही आणि टिपणातली ती जागा तो कोरी सोडतो. टीमचं श्रेय एका वाक्यात द्या, पुढे "मी"वर या.

"तुमचा दोष काय?" याला "मी परफेक्शनिस्ट आहे" नको. खरा, छोटा आणि ज्यावर काम चालू आहे असा सांगा.

शेवटी तुमचे दोन प्रश्न तयार ठेवा: इंटर्नला कोड रिव्ह्यू कोण करतं, मागच्या इंटर्नचं काम प्रत्यक्ष वापरात गेलं का. स्टायपेंड तांत्रिक राउंडमध्ये विचारू नका, तो एचआरचा विषय.

## टप्पा ८: कॉल संपल्यावर

अर्ध्या तासात आलेले सगळे प्रश्न लिहून काढा. न सुटलेला प्रश्न त्याच रात्री सोडवा, पुढच्या राउंडला तो थोडा फिरवून येऊ शकतो. आठवड्याने उत्तर नसेल तर एक छोटी, नम्र मेल पुरे. रोज मेल नको.

ऑफर आली की तारखा बघा. इंटर्नशिप आणि सेमची परीक्षा यांची गाठ पडत असेल तर सही करायच्या आधी कंपनीला आणि विभागप्रमुखांना विचारा. बऱ्याच कंपन्या कॉलेजचं एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) मागतात आणि ते ऑफिसातून निघायला आठवडाही लागतो, तेव्हा अर्ज त्याच दिवशी टाका. प्लेसमेंट सेलचा "एक ऑफर स्वीकारली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही" असा नियम असेल तर तो होकार देण्याआधी वाचा.

सावध: रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे अशी मागणी आली की ती फसवणूक समजा. मेल कुठल्या डोमेनवरून आलं ते अक्षर अक्षर तपासा. कंपनीच्या नावात एखादं अक्षर जास्त किंवा मध्ये डॅश असतो. शंका आली तर मेलमधल्या लिंकवर न जाता कंपनीच्या अधिकृत करिअर पानावर स्वतः लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहा.